चतुर्थीला बोललेलं मशीन

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या सगळ्या भावकीला माहीत आहे. नणंदेनं साडी घेतली तर तिच्या नवऱ्याच्या आधी ती बातमी माझ्याकडून चार घरं फिरून येते. मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा तो अंघोळ करून बाहेर येईपर्यंत शेजारी पेढे मागायला दारात उभे होते. अशा बाईनं आयुष्यभर नोकरी कसली केली, तर मशीनला गप्प बसवायची. आणि चांगली केली, हे मीच सांगून टाकते, कारण दुसरं कुणी सांगेल असं वाटत नाही.

जालन्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळायचे. लॅबचं नाव लिहीत नाही. रक्त, लघवी तपासणारी मुख्य लॅब जालन्यात, आणि जिल्हाभर नमुने गोळा करणारी केंद्रं. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला एक, वाटूरला फाट्यावर एक, राजूरला गणपतीच्या रस्त्याला एक, शिवाय आणखी काही. केंद्रावर सकाळी उपाशीपोटी माणसं यायची, रक्त काढून नळ्या बर्फाच्या डब्यात जालन्याला यायच्या, आणि संध्याकाळी रिपोर्ट केंद्राच्या कॉम्प्युटरवर दिसायचा. प्रत्येक केंद्राला आपापल्या पेशंटचे रिपोर्ट दिसायचे, दुसऱ्याचे नाही. सगळ्यांचे रिपोर्ट उघडू शकेल असा एक मोठा पासवर्ड होता. केंद्राचं मशीन नव्यानं जालन्याला जोडायचं असलं की तो लागायचा. तो माणसांनी वापरायचा नव्हताच.

सुरुवातीला सेटिंग बदलायचं म्हणजे मी एसटीनं गावोगाव हिंडायचे. वडीगोद्रीच्या भगवानरावांनी आपल्या केंद्राचा पासवर्ड खडूनं शटरवर लिहून ठेवला होता. मी डोक्याला हात लावला तर म्हणाले, "मॅडम, मी शेतात असलो की पोरगं बोलवायला येतं. पासवर्ड सांगायला कितीदा बांधावरून यावं मानसानं? आन शटर वर केलं की अक्षरं आतमधी जात्यात, कुनाला दिसत न्हाईत." शटर खाली असताना सगळ्या गावाला दिसतात, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तेव्हा त्यांनी शांतपणे ओल्या फडक्यानं ते पुसलं आणि मला चहा पाजला.

पुढं हे हिंडणं थांबलं. केंद्राच्या मशीनवर काय काय असायला हवं ते सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायचं आणि ती जालन्यातून सगळ्या मशीनवर एकदम चालवायची, अशी पद्धत आली. एक जण सांगणार, सगळी मशीन तसं करणार. मला ही पद्धत फार आवडली. एसटीचा खर्च वाचला, आणि सगळी केंद्रं एका वळणाची झाली.

आता यातली मेख सांगते. स्क्रिप्ट चालताना मशीन गप्प नसतं. हे उघडलं, ते लिहिलं, हे जमलं, ते जमलं नाही, असं सारखं बोलत असतं. ते बोलणं लिहिलं जातं त्याला आम्ही लॉग म्हणतो. काही बिघडलं की लॉग वाचायचा आणि दुखणं शोधायचं. लॉग नसला तर आमच्यासारख्यांनी नुसतं मशीनकडं बघत बसायचं. पण मशीनला काय बोलावं याची समज नसते. पासवर्ड वापरला की "हा हा पासवर्ड वापरला" हेही ते तितक्याच उत्साहानं सांगून टाकतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये जिथं पासवर्ड येतो तिथं त्याला बजावून ठेवावं लागतं की बाबा, एवढं बोलू नको. माझी निम्मी नोकरी या एका वाक्यात आली.

आमच्याकडं आणखी एक प्रथा होती. स्क्रिप्ट चालवली की प्रत्येक केंद्रावरून फोन यायचा, "मॅडम, झालं का आमचं?" फोन घेता घेता माझा कान लाल व्हायचा. म्हणून डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, सगळ्या केंद्रचालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि लॉगचा गोषवारा आपोआप त्या ग्रुपवर पडेल अशी सोय करायला सांगितली. ती मी केली. सगळं नीट झालं तर त्यात काही धोक्याचं नसायचं. लोक तो वाचायचेही नाहीत. हिरवी खूण दिसली की खाली हात जोडल्याची चित्रं यायची, एखादं गुलाबाचं फूल यायचं, आणि भगवानराव न चुकता "शुभ सकाळ" लिहायचे, मग दुपार का असेना.

माझा स्वतःचा एक नियम होता. चतुर्थीला राजूरला हात लावायचा नाही. यात भक्तीचा संबंध नाही, भक्ती वेगळी आहे. चतुर्थीला, त्यातून अंगारकी असली तर, राजूरला एवढी गर्दी लोटते की फोनची रेंज बसून जाते. आमच्या केंद्राचं इंटरनेट मोबाईलच्याच जोरावर चालायचं. त्यामुळं माझ्या टेबलावर कालनिर्णय लटकवलेलं असायचं आणि सर्व्हरचं काम मी तिथी बघून लावायचे. नवीन लोक हसायचे. हसू द्या.

रिपोर्टचं नवीन सॉफ्टवेअर आलं ते बाहेरगावच्या एका कंपनीचं. ते प्रत्येक केंद्रावर बसवायची पायरी त्यांच्याच मुलांनी लिहिली आणि माझ्या स्क्रिप्टला जोडली. पासवर्ड लपवलाय का, असं मी विचारलं होतं. "लपवलाय मॅडम," म्हणाले. लपवलाच होता. काम यशस्वी झालं तर मशीन त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं. पण काम फसलं तर आतला दुसरा एक प्रोग्रॅम घाबरून ओरडायचा, आणि आपण नेमकं काय करायला गेलो होतो ती अख्खी ओळ पासवर्डसकट ओकून टाकायचा. चूक त्यांची की आमची यावर पुढं पुष्कळ वादावादी झाली, ती इथं उगाळत नाही.

सॉफ्टवेअर बसवायचा दिवस त्या मुलांनी ठरवला. मंगळवार, आणि नेमकी अंगारकी. मी सांगितलं, राजूर आज सोडा. त्यांनी फोनवर एकमेकांत हसल्याचं मला ऐकू आलं. मी रजेवर होते आणि रजा होती ती राजूरलाच दर्शनाला जायची. म्हणजे तिकडं त्यांचं मशीन राजूरशी जोडायला धडपडत होतं, आणि मी त्याच राजूरला रांगेत घामाघूम उभी होते, माझ्याही फोनला रेंज नव्हती. दर्शन झाल्यावर जालन्याच्या रस्त्याला लागलो, गाव मागं पडलं, तसा फोन पटापट वाजायला लागला. ग्रुपवर राजूरचा लाल मेसेज होता. त्यात मोठा पासवर्ड अक्षर न अक्षर लिहिलेला. त्याखाली रांगेनं हात जोडल्याची चित्रं आणि भगवानरावांचं शुभ सकाळ.

मी गाडीतूनच पासवर्ड बदलून घेतला आणि मेसेज काढला. मधल्या काळात कोण कोण आत जाऊन आलं याची नोंद त्या कंपनीकडं असायची, ती लगेच मागितली. "पाठवतो मॅडम," म्हणाले, आणि पाठवली नाही.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही ऑफिसात घडते. पुढची आमच्याकडची आहे. ती सांगताना गाव आणि नाती मी हलवली आहेत. राजूर तेवढं खरं, कारण चतुर्थीशिवाय हे घडलंच नसतं.

राजूरचं केंद्र चालवायची ती मंगल. रक्त तपासायचा डीएमएलटी कोर्स केलेली, उंच, ठसठशीत, तोंडाची तिखट. नस सापडत नाही म्हणून कुणी हात आखडला तर "रक्त काढून राह्यले, जमीन न्हाई लिहून घेत तुमची," म्हणायची. नवरा टेम्पो चालवतो. आंबेडकर जयंतीला मिरवणुकीच्या पुढं हीच असायची. आसपासच्या गावांतल्या बायका दुसरं जवळचं केंद्र सोडून मंगलकडं यायच्या, त्याचं कारण एकच. मंगलला कळलं ते मंगलपाशी राहतं. मासिक पाळीचं, दिवस राहिल्याचं, न राहिल्याचं, काय काय तिला ठाऊक असायचं. तिनं कधी शेजारणीलाही सांगितलं नाही. मला या गोष्टीचं फार नवल वाटायचं, कारण मला असलं काही कळलं असतं तर मी आजारी पडले असते.

अंगारकीनंतर काही दिवसांनी डॉक्टरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा उतरलेला. म्हणाले, "राजूरचं केंद्र दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. मंगलनं पेशंटची बातमी बाहेर सांगितली."

झालं होतं असं. राजूरजवळच्या एका गावातली सून मंगलकडं तपासणीला आली होती. दिवस राहिले होते. आधी दोनदा राहून गेलेले, म्हणून या खेपेला तिसरा महिना पुरा होईपर्यंत नवऱ्यालाही सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. आपल्याकडं तशीही तीन महिने ही गोष्ट दाराबाहेर काढत नाहीत, आणि हिच्या जिवाला तर घोर होता. पण पिठाच्या गिरणीवर कुणीतरी सासूचं अभिनंदन केलं. सासू तशीच दळण ठेवून घरी आली. "गावाला कळलं आन मला न्हाई?" सून रडायला लागली. म्हणाली, मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही, एका मंगलताईला तेवढं माहीत आहे.

सासू जालन्याला येऊन डॉक्टरांना बोलून गेली होती. पोरीला काही झालं तर कुणाची नजर लागली म्हणायचं, असं विचारून गेली होती. राजूरच्या बायकांत हे पसरायला वेळ लागला नाही.

मी दुसऱ्या दिवशी राजूरला गेले. सकाळची वेळ, एरवी मंगलच्या बाकावर जागा मिळायची नाही. त्या दिवशी बाकावर एक म्हातारबा तेवढे बसलेले, तेही फक्त वारा खायला. मंगल नळ्यांवर लेबलं चिकटवून ठेवत होती, ज्या नळ्यांत भरायला रक्त यायचं नव्हतं.

"मंगल, काय झालं ते मला सांग."

"मी न्हाई सांगितलं कुनाला."

"ते मला माहीत आहे गं. पण तुला कुणावर संशय? काही कानावर आलं?"

"मी न्हाई सांगितलं, एवढंच माझं म्हननं हाय."

"अगं, केंद्र जायची वेळ आली! काहीतरी बोल की!"

तिनं लेबल चिकटवलं आणि अंगठ्यानं दाबून बसवलं. एरवी एका शब्दाला चार देणारी बाई. मला तिचा त्या क्षणी राग आला. आपल्या बाजूनं चार गोष्टी सांगाव्यात की नाही माणसानं? मी असते तर गिरणीपासून सुरुवात करून साऱ्या गावाची झाडाझडती घेतली असती.

परत आले आणि त्या कंपनीच्या मागं हात धुऊन लागले. नोंद आली. चतुर्थीच्या दिवशी, ग्रुपवर लाल मेसेज पडल्यानंतर आणि मी पासवर्ड बदलण्याआधी, मोठा पासवर्ड वापरून कुणीतरी आत गेलं होतं. मशीन राजूरचं नव्हतं, दुसऱ्याच एका केंद्राचं होतं. राजूरची यादी उघडली होती आणि त्यातला एकच रिपोर्ट बघितला होता. कुणाचा, ते सांगायला नको. ज्या लॉगनं घोटाळा केला त्याच्याच भावंडानं तो निस्तरला, म्हणून लॉगला शिव्या देणाऱ्यांचं माझं कधी जमत नाही.

त्या केंद्राच्या चालकांना मी इथं मामा म्हणणार आहे. सुनेच्या माहेरचे, जवळचे. मामा होते, चुलते होते की आणखी कुणी, ते मी लपवलं आहे. मी समोर जाऊन बसले तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. त्यांना लपवण्यासारखं काही केलंय असंच वाटत नव्हतं.

"ग्रुपवर आल्ता ना पासवर्ड. मला वाटलं आपल्यासाठीच टाकलाय, नवीन सॉफ्टवेअरचा. ग्रुपवर जे येतं ते आपल्यासाठीच येतं की मॅडम. मी टाकून बघितला. राजूरचं उघडलं. म्हनलं हे काय, आन पहिलंच नाव पोरीचं. पोरीचं नाव दिसल्यावर मानूस बघनार न्हाई का? डोळ्याला पानी आलं माझ्या. तिच्या मागं काय काय झालं, तुम्हाला न्हाई माहीत."

"मग?"

"मंग काय. पेढे आनले."

"वाटले?"

"आनल्यावर काय ठेवायचे का? कशाचे म्हनून विचारलं तर म्हनलं, आमच्या पोरीकडं गोड बातमी हाय."

फाट्यावर वाटलेल्या पेढ्याची बातमी एसटीत बसून राजूरच्या गिरणीवर कशी पोचली असेल हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. मी त्यांना मंगलचं सांगितलं. तेव्हा मात्र ते खुर्चीतच खचले. "मी जातो, सांगतो," म्हणाले. पण ते गेले असते तर सासरचं घर म्हणालं असतं की माहेरच्यांनी आमच्या घरात डोकावून पाहिलं, आणि ते बोलणं त्या पोरीला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. मी म्हटलं, थांबा.

डॉक्टरसाहेबांपुढं नोंद ठेवली. "मंगल नाही बोलली. आपलं मशीन बोललं."

त्यांनी ती नोंद दोनदा वाचली. त्यांचीही अडचण खरी होती. लॅबमधून बातमी फुटली असं लॅबच्या मालकानंच कबूल करायचं म्हणजे उद्या कोण येणार? मंगलला काढलं असतं तर प्रश्न चार दिवसांत मिटला असता. मी नोकरीत त्यांच्याशी फार वेळा भांडले नाही, त्या दिवशी भांडले. "साहेब, तिचं नाव गेलं तर राजूरला आपल्याकडं नुसती खोली आणि खुर्ची उरेल," म्हटलं. शेवटी उठले आणि म्हणाले, "गाडी काढायला सांगा. तुम्ही पण चला. मला ते मशीनचं समजावून सांगता येणार नाही."

सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. सून आत दाराशी. डॉक्टरसाहेब हात जोडून म्हणाले, "चूक आमच्याकडून झाली. मंगलताईची काही चूक नाही."

"मशीन बोलतंय व्हय कुठं?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "काकू, समजा घरात कामाला नवी बाई ठेवली. कामाला वाघ, पण तिला सवय, जे करील ते मोठ्यानं बोलायची. चूल पेटवली, दूध ठेवलं, साखर घेतली. तुम्ही तिला सांगितलं, कपाटाच्या चावीबद्दल बोलू नको. ती बोलत नाही. पण एक दिवस चावी कुलपात अडकली. घाबरली आणि अंगणात येऊन ओरडली, उंबऱ्याखालची चावी लागंना हो! सगळ्या आळीनं ऐकलं. आमचं तसं झालं."

"म्हंजी बाई वाईट न्हाई, येडी हाय."

"बरोबर."

"आन अंगनात ऐकलं कोन?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. नाव माझ्या जिभेवर होतं. सगळा जन्म मी असल्या प्रश्नांची वाट बघत आले होते आणि या वेळी उत्तर देण्याला कारणही होतं, माझ्या बाजूनं खरेपणाही होता. दाराशी उभ्या असलेल्या पोरीकडं बघितलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट ओढलं होतं. तिला काही माहीत नव्हतं, पण आपल्या माहेरात पेढे फार लवकर वाटले जातात हे तिला बहुतेक माहीत असावं.

"आमच्यातल्याच एकानं ऐकलं," मी म्हटलं. "त्याच्या मनात वाईट नव्हतं. नाव आमच्याकडं राहू द्या."

सासूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मंगलनं न्हाई ना सांगितलं? बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः राजूरला केंद्रावर गेल्या. मुद्दाम बाजाराच्या दिवशी, रस्त्यावर माणसं असताना. बाकावर बसल्या आणि दंड पुढं करून आल्यागेल्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझं बी रक्त घे मंगल. साखर बघ, काय काय असंल ते बघ. आन काय निघालं ते मला एकटीला सांग." हे मला त्याच म्हातारबांनी सांगितलं. मंगलला विचारलं तर म्हणाली, "आल्त्या." साखर किती निघाली, असं मी तिला विचारलंही. ती हसली फक्त. आठवडाभरात बाक भरला.

त्यानंतर आमच्याकडं उलटा ताप आला. डॉक्टरसाहेब इतके धसकले की म्हणाले, सगळंच लपवा. मशीननं काहीच बोलायचं नाही. ग्रुपवर लॉग बंद केला हे मला पटलं, पण त्यांनी प्रत्येक ओळीला झाकण घालायला लावलं. मग एका सकाळी वडीगोद्रीचं मशीन बंद पडलं, पेशंटची रांग लागली आणि लॉगमध्ये बघावं तर ओळीमागून ओळ, "मजकूर लपवला आहे, मजकूर लपवला आहे." काय बिघडलं ते कळेना. भगवानराव फोनवर म्हणत होते, "मॅडम, जल्दी करा, लोकं उपाशी हायेत, एक जन चक्कर यीऊन बसलाय." अंदाजानं एकेक गोष्ट तपासत गेले तेव्हा सापडलं. एक साधी फाईल जागेवर नव्हती. लॉग बोलत असता तर चहा व्हायच्या आत सुटलं असतं.

मग मी ते सगळं काम पुन्हा मनासारखं केलं. पासवर्ड स्क्रिप्टमधून काढून वेगळ्या तिजोरीत ठेवले, मशीनला लागतील तेव्हाच मिळतील असे. झाकण फक्त जिथं गुपित आहे तेवढ्यावर, बाकी सगळं उघडं. आणि मुख्य म्हणजे मुद्दाम काम फसवून बघायचं. खोटा पासवर्ड ठेवायचा, इंटरनेट काढायचं, आणि मशीन घाबरून काय ओरडतं ते ऐकायचं. मशीनची खरी परीक्षा ते पडल्यावर होते. हे काम करताना मला जे समाधान मिळालं ते पगारात कधी मिळालं नाही. माझ्यानंतर आलेले लोक अजून तशीच फसवाफसवी करून बघतात असं ऐकते, आणि कालनिर्णयही टेबलावर आहे म्हणे.

त्या सुनेला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं मला आणि मंगलला दोघींना आलं. मांडवात मामाही होते, पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होते. या खेपेला हक्कानं. सासूबाईंनी मला पाळण्याजवळ बसवलं, आणि नेमके मामा ताट घेऊन समोर आले तेव्हा म्हणाल्या, "आता तर सांगा मॅडम. कोन होतं तवा?"

मामांचं ताट कललं. एक पेढा घरंगळत माझ्या मांडीवर आला.

"काकू, आता आठवत पण नाही," मी म्हटलं, आणि पेढा तोंडात टाकला. मामांनी माझ्या हातावर आणखी दोन ठेवले.

परत निघताना मी आणि मंगल रस्त्याला गाडीची वाट बघत उभ्या होतो. एवढा वेळ दाबून ठेवलेलं आता मला सहन होईना. मंगलला सांगण्यात काय गैर? भोगलं तर तिनंच होतं.

"मंगल, तुला सांगू कोण होतं ते?"

"नका सांगू."

"अगं, पण..."

"मला ठाऊक हाय. अंगारकीच्या रातीच, रेंज आल्यावर, त्यांचा फोन आल्ता मला. मंगलताई, आपला रिपोर्ट चुकत तर न्हाई ना, म्हनून विचारून राह्यले होते. आवाज रडका. मी म्हनलं, न्हाई चुकत. गिरणीवरची गोष्ट कळली तवा जोडून घेतलं मनाशी."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणजे बाक रिकामा होता, केंद्र हातचं चाललं होतं, मी समोर बसून काहीतरी बोल म्हणत होते, तेव्हा हिला नाव ठाऊक होतं. एक नाव घेतलं असतं तर ती त्याच दिवशी सुटली असती.

"मग बोलली का नाहीस? केंद्र वाचलं असतं तुझं!"

"वाचलं असतं की," मंगल म्हणाली. "पन मंग बायका कशाला आल्या असत्या त्यात?"

एवढ्यात गाडी आली. मंगल पुढं चढली आणि तिनं माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. मंगल राजूरला उतरेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि ते पाहून तिनं दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तेव्हापासून मी माझं रक्त जालन्यात देत नाही. लॅब घराजवळ आहे, फुकट होतं, तरी एसटीनं राजूरला जाते, गणपतीला नमस्कार करते आणि मंगलच्या बाकावर नंबर लावते. चतुर्थी तेवढी टाळते. माझी साखर किती आहे ते तिला माहीत आहे. घरी आल्यावर आमचे हे विचारतात, काय म्हणाली मंगल? मी म्हणते, काही नाही, चहा प्यायला थांबले होते.